चाटून दाखवायचा मलम

माझा मलम लोक घेतात ते मी आधी चाटून दाखवते म्हणून. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण बाहेरच्या माणसानं हे ऐकलं की त्याला हसू येतं, आणि मला आता त्या हसण्याचा राग येतो. आधी यायचा नाही. आधी मीही हसायची.

शाळेतल्या बाई म्हणाल्या, वैशाली, तू बोलतेस तसंच लिही, दिवाळी अंकाला असंच पाहिजे, ऱ्हस्व-दीर्घ आम्ही बघू. बघा बाई, पण मधलं काही गाळू नका. मी सातवी झालेली, आठवीत नाव होतं पण लग्न ठरलं आणि शाळा राहिली. लिहायला बसले तर परी मांडीवर चढून पेन ओढते, चुलीवर भाजी आहे, आणि खरं सांगू, भीती वाटते, कारण आमच्या घरात मोठ्यानं वाचणारं माणूस एकच. माझे जेठ, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. त्यांना आमचं सगळं रनाळं गाव नाना म्हणतं. अंक घरी आला की ओसरीवर बसून तेच वाचतील आणि जिजी ऐकतील. जिजी म्हणजे माझ्या सासूबाई. वाचू देत. घाबरत का होईना, लिहिणार, कारण त्या दिवशी सगळे बोलले आणि माझं म्हणणं कोणी पुरं ऐकलं नाही. दुसरं कारणही आहे, ते पुढे येईलच.

तर मलम. मलम तसा गायीचा. गाय व्याली की वासरू ढुशा मारत पितं, थंडीत सडांना चिरा पडतात, मग धार काढायला बसलं की गाय लाथ झाडते. तेव्हा लावायचा. जिजी सांगतात, त्यांच्या सासूच्या काळात लोण्याचाच करायचे, लोणी काशाच्या थाळीत पाण्यानं धुऊन धुऊन. मग दूध डेअरीत जायला लागलं, लोणी कोण मलमात घालणार? तेव्हा नवापूरच्या डोंगरातली एक बाई टोळंबीचं तेल विकायला यायची, टोळंबी म्हणजे मोहाच्या बिया, तिनं सांगितलं की आम्ही तर यातच करतो. तेव्हापासून तेलाचा. आता त्या बाईची सून चिंचपाड्याहून पॅसेंजरनं तेल आणते, स्टेशनवरून चालत घरी येते, चहा पिते, माझ्या परीला उचलून घेते आणि परतीच्या गाडीनं जाते.

तेल कढईत तापवायचं, मधाच्या पोळ्याचं मेण घालायचं, राळेची पूड घालायची, विरघळली की फडक्यानं गाळायचं. कोमट झालं की काशाच्या थाळीत ओतून थोडं थोडं पाणी घालत तळहातानं फेटायचं. हात भरून येतो. तेल पाण्याला घेतच नाही, घेतच नाही, आपण वैतागून उठायच्या बेतात असतो आणि एकदम घेतं, थाळीत पांढरं लोणी उभं राहतं. मला तो वेळ फार आवडतो. माझ्या हातानं होतं असं दुसरं काही नाही माझ्याकडे.

आणि मग चाटायचा. कारण गायीच्या सडाला लावलेलं वासराच्या पोटात जाणार. जिजींनी मला शिकवलं तेव्हा पहिलं हेच सांगितलं, "जे वासरूना तोंडमा जाई, ते पहिले आपला तोंडमा." घेणारा समोर उभा असतो, आपण बोटावर मलम घ्यायचा, त्याच्यादेखत चाटायचा, मग द्यायचा. लोकही विचारतात, "चाटं का व?" चाटलं की घेऊन जातात. कडू लागतो. टोळंबीचं तेल कडूच. पण सवय होते.

दुसरा मलम असतो तो बैलाचा, खांद्याचा. जोखडानं खांदा सोलला, त्यावर माशा बसल्या, किडे पडले, तर तो लावायचा. त्यात मोरचूद असतं, म्हणून हिरवट दिसतो. जहरच आहे तो. तो चाटायचा नाही, तो केला की राखेनं हात घासायचे, आणि देताना तोंडावर पदर धरायचा. पदर धरला म्हणजे हा माणसाचा नाही, सडाचा नाही, लेकराच्या जवळ नेऊ नका. तोंडानं सांगतोच, पण पदर आधी दिसतो. आमच्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाही, पण जीभ आणि पदर सगळ्यांना वाचता येतो.

नाव गायीचं, पण घेतात बायाच जास्त. आमच्याकडे मिरची. लाल मिरचीच्या पथारी, म्हणजे मोकळ्या मैदानावरची वाळवणं, लागल्या की आम्ही दिवसभर उन्हात बसून देठ खुडतो. संध्याकाळपर्यंत बोटं पेटतात, पाण्यात घातली तर जास्त पेटतात. मुकादम म्हणतो, हातमोजे घालून खुडायला लागलात तर देठ निघत नाही लवकर. त्याच्या घरी गेल्यावर कोणी त्याच्या हाताची वाट बघत नसेल, आमच्या घरी तान्ही लेकरं असतात ना! परी महिन्याभराची होती तेव्हा मी साबणानं हात धुऊन तिला घेतलं, तिच्या गालाला हात लागला, ती अशी किंचाळली की मी तिला अंथरुणावर टाकून दाराबाहेर पळाले, माझ्याच हातांची मला भीती वाटली. जिजींनी माझे हात धरले, मलम चोळला, फडक्यानं पुसला, परत चोळला. मिरची तेलात उतरते, पाण्यात उतरत नाही. तेव्हापासून पथारीवरच्या सगळ्या बाया घरी जाताना आमच्या दारावरून जातात, हात पुसतात आणि मग लेकराला छातीशी घेतात. म्हणून म्हणते, चाटायचा मलम म्हणजे गंमत नाही. लेकरू आईच्या बोटापासून तोंडापर्यंत सगळं चाटतं.

नंदुरबारच्या एक सेठाणी आहेत, कपड्याचं मोठं दुकान, पायांच्या भेगा इतक्या की पैंजण घालायच्या नाहीत. त्या स्टीलचा डबा घेऊन स्वतः रिक्षानं येतात. "वैशाली, कुणाला सांगू नको हां, गायीचं लावते म्हणून. मी घरात सांगितलंय सुरतहून क्रीम येतं." मी म्हटलं, सेठाणी, कडू आहे का बघा तुमचं सुरतचं क्रीम. त्या एवढ्या हसल्या, पण डब्याचं झाकण घट्ट लावून, वर साडीचा पदर घालून गेल्या.

आणि घोडे. सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. लांबलांबचे व्यापारी येतात, प्रवासात घोड्यांची पाठ खोगिरानं घासून सोललेली असते. एका वर्षी जिजी आणि मी दोन्ही बादल्या घेऊन गेलो होतो. एक व्यापारी, मोठ्ठ्या मिशा, मी चाटलं तसा तो हसायला लागला. "अरे देखो, लड्डू समझके खा रही है!" आजूबाजूचे सगळे हसले. मी लाजून बोट मागे घेतलं तर त्याच्या घोड्यानं मान वळवून माझं बोट चाटलं, पूर्ण, नखापर्यंत. मग तो व्यापारी गप्प झाला आणि डबा भरून घेऊन गेला. जिजी येताना टेम्पोत म्हणाल्या, "घोडाले अक्कल शे, मालकले नही." आम्ही पोट धरून हसलो.

पण नाना बाजारात होते. त्यांनी ते हसणं ऐकलं. घरी आल्यावर ते मला काही बोलले नाहीत, कारण जेठ भावजयीशी बोलत नाही, आणि मी त्यांच्याशी बोलत नाही, पदर तोंडावर घेऊन बाजूला उभी राहते, आमच्यात तशीच रीत. ते जिजींना म्हणाले, मला ऐकू जाईल अशा आवाजात, "घरन्या बाया बजारमा जीभ काढीसन दखाडतीस. आते कोणी जावानं नही. मी लई जासू, चांगल्या डब्या भरीसन."

म्हणजे पुढच्या वेळी मलम तेच नेणार. मानाची गोष्ट, मी काय बोलणार. आमचे हे सुद्धा म्हणाले, दादा बरोबर बोलतो.

पुढच्या बाजाराच्या वेळी जिजी माझ्या नणंदेकडे बाळंतपणाला गेलेल्या. नानांनी पांढऱ्या डब्या आणल्या होत्या झाकणाच्या, फुलाचं चित्र असलेल्या. सकाळी ते ओसरीवर आले आणि दोन्ही बादल्या उचलायला लागले. मी दारात उभी. तोंडावर पदर. आता बघा, बाहेरच्या माणसासमोर मी तोंडावर पदर धरला की त्याला कळतं, हा बैलाचा. नानांसमोर माझा पदर कायमच तोंडावर, लग्न झाल्या दिवसापासून. मलमाचं काम बायांचं, त्यात त्यांनी कधी लक्ष घातलेलं नाही, त्यांना त्यातून काय कळणार? हे मला तिथल्या तिथे समजलं. आमचे हे शेतावर. दुसरं कोणी नाही. जेठाशी थेट बोलायचं नाही, मग आम्ही बाया काय करतो, बाजूच्या जनावराला नाहीतर भिंतीला सांगतो, आणि ज्यानं ऐकायचं तो ऐकतो. मीही तसंच केलं. आमची कपिला गाय दारात बांधलेली होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवून मोठ्यानं म्हटलं, "कपिले, हिरवा बैलना शे हां, माणूसले लावानं नही, पोरंसोरंले तर नहीच." परत एकदा म्हटलं. नाना थांबले. मान हलवल्यासारखं केलं. बादल्या घेऊन गेले.

मला वाटलं, ऐकलं.

त्यांनी दोन्ही मलम सारख्याच डब्यांत भरले. बाजारात कुणी विचारलं हिरवा कशाचा, तर नाना म्हणाले निंबाचा. निंबाचा म्हटल्यावर लोकांच्या उड्या पडल्या, हिरवं म्हणजे झाडपाल्याचं, म्हणजे चांगलंच! पांढरा परत आला, हिरवा सगळा गेला. नाना खुशीत. घरी आल्यावर ते जिजींना फोनवर सांगत होते की चाटायची काही गरज पडली नाही. मी आत होते, मला फक्त एवढंच ऐकू आलं. हिरवा गेला हे मला नंतर, रिकामी बादली घासताना कळलं, आणि मी म्हटलं, बैलवाले आले असतील. दुसरं काही मनात येऊच दिलं नाही.

बाजार उठून थोडे दिवस झाले असतील. जिजी परत आल्या होत्या. मी अंगणात थाळी घेऊन फेटत बसले होते, दोन्ही हात पांढरे, परी आत झोपलेली, आणि दारात पिकअप येऊन थांबली. तापीकाठचे एक आप्पा उतरले, पिकल्या मिशीचे, रागानं लाल. मागे त्यांची सून रेखा, माझ्याच वयाची, ओढणीत बाळ. तिनं ओढणी बाजूला केली आणि मला बघवेना. बाळाच्या जांघा, काखा, गळ्याची घडी, सगळं सोललेलं. डॉक्टरनं धुऊन वरून औषध लावलं होतं. ते बाळ रडत नव्हतं, रडून रडून त्याचा आवाज बसला होता, फक्त तोंड उघडत होतं. मला पान्हा फुटला, ब्लाउज भिजला, मी थाळीतच हात घट्ट दाबून धरले.

आप्पांच्या हातात फुलाच्या चित्राची डबी.

"हाऊ मलम तुम्हना घरना शे ना?"

त्यांनी डबी सगळ्यांसमोर फिरवली.

"कोण बनाडस?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. गल्ली जमा झाली होती तोपर्यंत. नाना ओसरीच्या खांबाला टेकून उभे होते, हातात चहाची बशी. आमचे हे गोठ्यातून आले.

आप्पा माझ्यासमोर आले. "मी ऐकेल शे, तू चाटीसन देस. चाट. मन्हापुढे चाट आते."

त्यांनी झाकण उघडलं. आत हिरवा.

मी मान हलवली, नाही.

"देखा! नही म्हनस! चोर शे म्हनीसन नही म्हनस!"

शेजारची एक जण, रोज माझ्याकडे हात पुसून जाणारी, ती म्हणाली, "इतला दिन चाटत व्हती, आज काय जीभ लुळी पडनी का व?" आणि दोन-तीन जण हसले.

आता मी इथे सांगते की माझ्या मनात काय चाललं होतं, कारण तेव्हा मला सांगताच आलं नाही. मोरचूद पोटात गेलं तर मी ओकून ओकून आडवी होईन आणि परी माझ्या दुधावर आहे. नाही चाटलं तर मी खोटी, आजवर जिभेवर कमावलेलं सगळं खोटं, आणि उद्या कोणी म्हणेल ही बाई काही घालून देते लेकरांना. आमच्याकडे बाईबद्दल असं बोललं की ते कुठपर्यंत जातं, ते मला माहीत आहे. आणि तिसरं, खरं सांगायचं तर जेठाचं नाव घ्यावं लागेल, जेठासमोर, गावासमोर. आणि ज्याचं नाव घ्यायचं तो माणूस खांबाला टेकून उभा होता, चहा निवत होता, आणि तो एक शब्द बोलत नव्हता. एक शब्द! म्हणायचं ना, बाजारात मी होतो!

आमचे हे जवळ आले आणि हळूच म्हणाले, "वैशाली, थोडासा चाटी ले ना. मिटी जाई."

थोडासा! त्यांच्या स्वतःच्या पोरीला दूध कोण पाजतं? हे वाक्य मला अजून रोज आठवतं, पोळ्या लाटताना आठवतं. ते वाईट नाहीत. पण थोडासा म्हणाले.

मग जिजी पुढे झाल्या. त्यांनी आप्पांच्या हातातून डबी घेतली. हिरवा त्यांना काय कळत नव्हता? त्यांनीच मला शिकवला. त्यांनी एकदा डबीत बघितलं, एकदा खांबाजवळच्या नानांकडे बघितलं, आणि मला कळलं की जिजींना सगळं कळलं. त्या म्हणाल्या, "पोरगी नवी शे, घाबरनी. मीच शिकाडेल शे तिले. मी चाटस." आणि बोट डबीत घातलं.

मोठ्या पोरासाठी त्या चाटायला निघाल्या होत्या.

मी कशी उठले मला माहीत नाही. मी त्यांच्या हातावर फटका मारला, सुनेनं सासूच्या हातावर, सगळ्या गावादेखत. डबी अंगणात पडली, मलम मातीत, आणि कोंबडी धावली चोच मारायला. मी ओरडले, "कोंबडी हाकला! मरी जाई ती! हाकला!" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. जमलेले सगळे मागे सरकले. डोक्यावरचा पदर कधीचा पडला होता. आणि मी वळले, आणि नानांकडे बघितलं. तोवर मी त्यांचा चेहरा समोरून कधी नीट बघितलाच नव्हता. डाव्या भुवईवर त्यांना एक व्रण आहे, तोही मला माहीत नव्हता.

"नाना, तुम्ही विकला ना? तुम्ही चाटा."

जमलेल्यांनी माना खांबाकडे वळवल्या.

आप्पा हळूहळू वळले. "नाना... बजारमा तूच व्हतास. निंबना मलम, निंबना मलम, तूच वरडी ऱ्हायंता."

नानांनी बशी खाली ठेवली. "हिरवा व्हता. मले वाटनं निंबनाच शे."

"मी सांगितलं होतं," मी म्हटलं. रडत होते की ओरडत होते माहीत नाही. "हिरवा बैलाचा, लेकराला नाही, दोनदा सांगितलं, तुम्ही थांबला होतात, ऐकलं होतं!"

नाना आप्पांकडे बघून म्हणाले, माझ्याकडे बघून नाही. "मले कोठे सांगं? तिनी गायले सांगं व्हतं."

आणि लोक हसले. हसले! त्या बाईच्या हातात सोललेलं बाळ, आणि लोक हसले, कारण उत्तर बरोबर होतं, मी गायीलाच सांगितलं होतं. मी नानांशी बोलायचं नाही, ही रीत माझी नाही, मी लग्न होऊन आले तेव्हा ती इथे होतीच. नानांनी मला विचारायचं नाही, हीसुद्धा इथे होतीच. विचारलं असतं तर एक वाक्य लागलं असतं. पण भावजयीला विचारायचं म्हणजे कमीपणा, आणि चाटायचं म्हणजे त्याहून कमीपणा, आणि मलम विकायचा तर आहे. मग गाय मध्ये उभी करायची आणि नंतर म्हणायचं, गायीला सांगितलं होतं. गाय येणार होती का सारंगखेड्याला?

रेखा एवढा वेळ गप्प होती. ती सासऱ्याला म्हणाली, "आप्पा, चला घर." मग माझ्याजवळ येऊन तिनं हळूच विचारलं, "मग बाळाचा कोणता असतो गं?" मी तिला थाळी दाखवली, पांढरी, आणि बोटभर चाटून दाखवला, रडत रडत. पण म्हटलं, आता काही लावू नको, डॉक्टरनं दिलंय तेवढंच लाव, हासुद्धा लावू नको. तिनं मान हलवली. ते बाळ बरं झालं. काखेत थोडे डाग राहिलेत. रेखा येते आता अधूनमधून. तिला मी चाटून दाखवते, ती म्हणते परत एकदा, मी परत चाटते. तिचा मला राग येत नाही.

त्या दिवशी आप्पांची पिकअप गेल्यावर मी नानांना म्हटलं, थेट, पदर न घेता, की बाकीच्या डब्या कुठे आहेत, जाऊन आणा. ते मोटरसायकल काढून गेले. आजूबाजूच्या गावांतून काही डब्या आणल्या, एका खताच्या पिशवीत घालून, आणि मी त्या शेताच्या बांधाला खोल पुरल्या. पण सगळ्या नाहीत आल्या. लांबून आलेली माणसं होती, ती आपापल्या मुलखात गेली. मला अजून भीती वाटते. परीला आंघोळ घालताना एकदम वाटतं, कुठेतरी कोणी आता डबी उघडत असेल, हिरवी, फुलाचं चित्र, निंबाचा म्हणून. म्हणून बाईंना म्हटलं, मधलं गाळू नका. ज्याच्या घरी असेल त्यानं लेकराला लावू नका. बैलाच्या खांद्याला लावा आणि हात राखेनं धुवा. हे मी कपिलेला नाही, तुम्हाला सांगते आहे.

जिजींनी त्यानंतर बरेच दिवस माझ्या हातची भाकर घेतली नाही. हातावर मारलं म्हणून की पोराचं नाव घेतलं म्हणून, कोण जाणे. आता घेतात. पण मलम फेटायला माझ्याजवळ बसत नाहीत, आणि पूर्वी बसायच्या तेव्हा मजा यायची. ते गेलं. नाना माझ्याशी बोलत नाहीत. आधीही बोलत नव्हते, पण आता न बोलायला कारण आहे.

परवाची गोष्ट. दिवाळीनंतर बाजार भरतो, त्याची तयारी चालू होती. मी अंगणात दोन्ही बादल्या ठेवल्या होत्या, पांढरी आणि हिरवी, आणि मी जाणार आहे हे ह्यांना सांगून ठेवलं होतं. नाना आले. कपिलेजवळ उभे राहिले, तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तिला म्हणाले, "कपिले, बजारमा एकलीनं जावानं बरं नही. मी बी येस, म्हनावं."

मी तशीच फेटत बसले. गाय रवंथ करत होती.

थाळीत पांढरं लोणी उभं राहिलं. मग नाना माझ्याकडे वळले. "वैशाली," ते म्हणाले. माझं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. "इकतानी कशे करतंस?" विकताना कसं करता.

मी उठले. पांढऱ्या बादलीत बोट बुडवून त्यांच्यासमोर धरलं नाही, बादलीच पुढे केली. ते इकडे तिकडे बघायला लागले. जिजी दारात होत्या. शेजारची ती, जीभ लुळी पडली का म्हणणारी, कुंपणाला येऊन उभी. नानांनी बोट घातलं. चाटलं. त्यांचं तोंड असं झालं की शेजारीण फिसकन हसली.

"कडू शे," नाना म्हणाले.

"मी रोज खाते," मी म्हटलं.

मग मी हिरवी बादली पुढे ओढली. नानांनी बोट मागे घेतलं.

"हा चाटायचा नाही," मी म्हटलं. "हा देताना तोंडावर पदर धरायचा. तुमच्याकडे पदर नाही, रुमाल घ्या."

नानांनी एकदा जिजींकडे बघितलं. मग त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, झटकला, आणि तोंडावर धरून माझ्यासमोर उभे राहिले.